पाचव्या पानावरचा चेहरा

पाव कागदात गुंडाळता गुंडाळता पाववाल्याचा हात थांबला. त्याने तिच्याकडे पाहिलं, गल्ल्याशेजारी पडलेल्या पेपराकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "बाई, ह्या तुम्हीच ना?" इतकी वर्षं ती याच दुकानातून पाव नेत होती. एवढ्या वर्षांत या माणसाने तिच्या हाताकडे पाहिलं होतं, पिशवीकडे पाहिलं होतं, पण मान वर करून तोंडाकडे पाहिल्याचं तिला आठवत नव्हतं. तिने पेपर सरळ केला. पाचव्या पानावर, खाली डाव्या कोपऱ्यात, टायरच्या जाहिरातीला खेटून तिचा स्वतःचा चेहरा होता. दात दाखवून हसत होता. हातात पितळेची भलीमोठी लेखणी, जी पत्रकार संघाने गेल्या महिन्यात दिली होती आणि जी घरी कुठे ठेवावी हे अजून ठरलं नव्हतं. खाली लिहिलं होतं, शोधपत्रकारितेतल्या पहिल्या महिलेचा गौरव. पहिला विचार मनात आला तो असा की फोटो बरा आलाय. तो विचार आल्याची तिला लाज वाटली आणि तेवढ्यात दुसरा विचार येऊन पोचला, की हा पेपर आज आणखी कुठे कुठे वाचला जाणार. तिने पाव उचलला आणि सवयीने, जराही न अडखळता म्हणाली, "छे हो, ती माझी बहीण." पाववाल्याने फोटो निरखला आणि मान डोलावली. तरीच, म्हणाला, या बाई जरा उंच वाटतात.

रस्त्यावर आल्यावर तिला हसू फुटलं, आणि हसतानाच घामही फुटला. अंगावरच्या कोटाच्या आत तिने तपकिरी ॲप्रन घातला होता, डोक्याला रुमाल बांधला होता, पायांत जुने रबरी बूट होते. अर्ध्या तासात तिला टेकडीखालच्या वृद्धाश्रमात पोचायचं होतं. तिथे ती सफाईवाली होती. त्या आश्रमात रोज सकाळी दोन पेपर येत, एक तिचा आणि एक प्रतिस्पर्ध्यांचा, आणि व्यवस्थापक चहा पिता पिता दोन्ही पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचत. टायरची जाहिरातसुद्धा सोडत नसत. कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानातून तिने संपादकांना फोन लावला. ते झोपेतून उठून बोलत होते, आणि तिने ओरडण्याआधीच त्यांना काय झालं असेल ते कळलं. तिचा फोटो कधीही छापायचा नाही, ही अट त्यांनी खुर्चीवर बसल्या दिवशी मान्य केली होती आणि ते पाळतही होते. पण काल पान मशीनवर जाण्याच्या बेतात असताना एक जाहिरात रद्द झाली, पानाला भोक पडलं, आणि पान लावणाऱ्याने हाताशी असलेलं जे बरोब्बर त्या मापात बसत होतं ते तिथे चिकटवलं. बसत होता तो तिचा फोटो. संपादक मनापासून वरमले होते, पण त्या वरमण्यात एक सुटकेचा सूरही होता. आता जाऊ नका, ते म्हणाले, आतापर्यंत जमलं तेवढं पुष्कळ झालं, तुमच्यासाठी खिडकीजवळचं टेबल कधीचं तयार आहे, त्यावर बसा आणि नव्या मुलींना शिकवा.

खिडकीजवळचं टेबल. ती फोन ठेवून चालायला लागली तरी ते टेबल तिच्या पुढे पुढे चालत राहिलं. ती पहिल्यांदा त्या कचेरीत आली तेव्हा तिला टेबलच नव्हतं. स्टुलावर बसून ती घरगुती सल्ल्याचं सदर लिहायची, गालिच्यावरचे शाईचे डाग कसे काढावेत वगैरे. डाग आणि शाई दोन्ही पुरुषांची आणि काढायचं मात्र बायकांनी, असं तिने एकदा लिहून टाकलं होतं आणि ते वाक्य अर्थातच छापून आलं नाही. बायकांसाठी वेगळी मोरीसुद्धा नव्हती; समोरच्या ग्रंथालयात जावं लागे, आणि तिथल्या ग्रंथपालबाई तिला फार व्यासंगी समजत. तेव्हाचे संपादक, ज्यांना सगळे मागे म्हातारा म्हणत आणि पुढे काहीच म्हणत नसत, त्यांना तिने एक दिवस सांगितलं की सरकारी इस्पितळाच्या धुलाईघरात बायकांचे हात सोड्याने सोलून निघतात, आणि तिथे वार्ताहराला कुणी उभं करणार नाही, पण धुणेवालीला करतील. म्हाताऱ्याने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं, नजर खाली येईपर्यंत तिचा चेहरा बहुधा विसरला, आणि म्हणाला, तुला जमेल. धुलाईघरानंतर बिस्किटांचा कारखाना, मग तुरुंगाचं स्वयंपाकघर, मग श्रीमंतांच्या मुलांची वसतिशाळा. दरवेळी बातमीखाली तीन शब्द, आमच्या खास प्रतिनिधीकडून. पुरुष वार्ताहर स्वतःची नावं जाड अक्षरांत छापून घेत आणि पानपट्टीवाल्याला दाखवत. तिचं नाव कुणाला माहीत नव्हतं म्हणूनच तिला पुढची नोकरी मिळत होती. तिला त्याचं कधी काही वाटलं नाही, असं ती स्वतःला सांगायची, आणि बहुतेक वेळा ते खरंही असायचं.

कारण लक्षात न येणं ही तिची जन्मजात कमाई होती. चार बहिणींतली ती तिसरी. मोठी शहाणी, दुसरी आजारी, धाकटी देखणी, आणि तिसरी म्हणजे मधे असलेली. पाहुणे तिला वेगवेगळ्या नावांनी हाक मारत आणि ती प्रत्येक नावाला ओ देई. मोठ्यांच्या गप्पा चालू असताना बाकीच्यांना बाहेर पिटाळलं जाई, ती मात्र कोपऱ्यात बसून राही आणि कोणाच्या मावशीने विहीर का जवळ केली होती इथपासून सगळं ऐके. एकदा मामाच्या लग्नाहून सगळे परतले ते तिला तिथेच विसरून; घरी पोचून जेवायची ताटं मांडली तेव्हा एक ताट उरलं. ही गोष्ट घरात विनोद म्हणून सांगितली जाई. तीही सांगे, आणि सगळ्यांत रंगवून तीच सांगे. आता ती आणि धाकटी एकत्र राहत होत्या. धाकटी शिंपीण होती. प्रत्येक नव्या नोकरीचे कपडे तीच शिवी आणि शिवताना म्हणे, ताई, तुझ्या अंगावर मी सोन्याच्या जरीचा झगा घातला तरी लोक तुला उशी समजतील. बसच्या दांड्याला धरून उभं असताना तिला धाकटीचं ते वाक्य आठवलं आणि धीर आला. फोटोत तर ती हसत होती. आश्रमात ती हसली नव्हती. सफाईवाल्या बायका साहेबांसमोर कशाला हसतील.

परत फिरता येत होतं. बस थांबत होती, दार उघडत होतं, माणसं उतरत होती, आणि ती उतरत नव्हती. आश्रमातली गोष्ट साधी होती. रोज दुपारी सगळ्या म्हाताऱ्यांना साखर घातलेलं गरम दूध देत, आणि दुधानंतर सगळ्या झोपत, थेट दिवे लागेपर्यंत. नातेवाईक भेटायला येत ते दुपारी. आत डोकावत, आई किती शांत झोपलीय म्हणत आणि समाधानाने परत जात. एवढ्या मोठ्या घराला सांभाळायला त्यामुळे माणसं फार थोडी पुरत. महिन्यापूर्वी एक आजी अर्धवट गुंगीत उठली, जिन्यावरून गडगडली आणि गेली, आणि कागदावर लिहिलं गेलं की वय झालं होतं. दुधाचा नमुना तिने बाटलीतून बाहेर नेला होता, त्यात झोपेचं औषध निघालं होतं. पण पेपरचा वकील अडून बसला होता. आत राहणारं कुणीतरी नावानिशी म्हणायला हवं की आम्हाला न सांगता हे पाजतात, नाहीतर व्यवस्थापक म्हणणार, डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि यांनाही माहीत होतं. एक नाव हवं होतं. तिने आजवर कुणाकडून नाव मागितलं नव्हतं. स्वतःचं न देणाऱ्याने दुसऱ्याचं मागू नये असं तिला वाटे. आणि आता तर वेळच उरला नव्हता. उद्यापर्यंत पाचवं पान कुणीतरी कुणालातरी दाखवणार, आणि त्यानंतर दूध काही दिवस अगदी निर्मळ होणार, गाय जशी देते तसं. तिचा थांबा आला. ती उतरली.

व्यवस्थापक बाहेरच्या खोलीत बसले होते, चहाचा कप एका हाताला, पेपर दुसऱ्या हातात. गोड माणूस. म्हाताऱ्यांशी बोलताना कमरेत वाकत आणि त्यांचे गाल ओढत. तिला दारातूनच पान दिसलं, पाचवंच होतं. फिनेलची बाटली घेऊन ती तशीच नळाकडे गेली. बादली भरताना नळाचा आवाज तिला फार मोठा वाटला. ती फडकं घेऊन त्यांच्या टेबलाजवळ आली, ओणवी झाली, पुसू लागली, आणि पेपराच्या मागच्या बाजूवरच्या हवामानाच्या अंदाजाकडे पाहत राहिली, ज्याच्या पलीकडच्या अंगाला ती स्वतः दात दाखवत होती. पेपर खाली आला. व्यवस्थापकांनी तिच्या डोक्यावरच्या रुमालाच्या दिशेने पाहिलं. मग पाय उचलून खुर्चीच्या आडव्या दांडीवर ठेवले, म्हणजे तिला खालून पुसता यावं, आणि म्हणाले, "कोपऱ्यात राहतंय बघ." तिने कोपरा पुसला. भीती एका दमात ओसरली, आणि तिच्या जागी काहीतरी बारीक, कुसळासारखं टोचलं. तिला जे हवं होतं तेच झालं होतं. मग हे काय आहे, असं स्वतःशी म्हणत तिने फडकं पिळलं.

वरच्या मजल्यावरच्या टोकाच्या खोलीत दोघीजणी राहत. एक मास्तरीणबाई, जन्मभर गणित शिकवलेल्या, काठी टेकून ताठ चालणाऱ्या. दुसरी सुईणबाई, बसकी, गोल, हसताना सगळी हलणारी. या दोघींवर तिचा फार जीव होता, कारण दोघी बोलक्या होत्या आणि तिला वाटत होतं की आपण त्यांना बोलतं केलंय. ती आत शिरली तेव्हा दोघी पलंगावर शेजारी शेजारी बसल्या होत्या आणि कसलीतरी मसलत झाल्यासारख्या गप्प झाल्या. मास्तरीणबाईंनी काठीने दार लोटून लावलं.

"फोटो छान आलाय," त्या म्हणाल्या.

तिने बहिणीचं नाव काढायला तोंड उघडलं, तेव्हा सुईणबाई हलायला लागल्या. राहू द्या, त्या म्हणाल्या, आम्हाला पहिल्या आठवड्यातच कळलं. मग जे ऐकायला मिळालं त्याने तिला घाम फुटला, आणि यावेळी तो भीतीचा नव्हता. फरशी पुसून झाली की बुटांचे ठसे उमटू नयेत म्हणून ती दारांत जुने पेपर अंथरायची. जिन्याखाली रद्दीचा गठ्ठा असे, दोन्ही पेपर त्यात मिसळलेले. पण अंथरलेले असायचे ते सगळे प्रतिस्पर्ध्यांचे. तिचा स्वतःचा पेपर ती गठ्ठ्यातून वेगळा काढायची, हाताने सरळ करायची, घडी घालायची आणि खिडकीत ठेवायची. कुणी पाय देऊ नये म्हणून. हे ती करत होती याचा तिला पत्ताच नव्हता. तिने आठवून पाहिलं आणि हातांना ती घडी आठवली, आडवी एक, उभी एक, म्हाताऱ्या संपादकाने शिकवलेली. मास्तरीणबाईंनी शांतपणे सांगितलं की इतका जीव पेपरावर एकतर विकणाऱ्याचा असतो नाहीतर लिहिणाऱ्याचा, आणि विकणारा फरशी पुसायला येत नाही. तेव्हापासून त्यांनी वाटण्या करून घेतल्या होत्या. सोमवारी ही दुधाचं बोलेल, मंगळवारी ती जिन्याचं, असं. ती पुसत असताना तिच्या कानावर पडेल एवढ्या आवाजात त्या एकमेकींशी बोलत. आणि ती घरी जाऊन धाकटीला ऐटीत सांगत असे, आज काय शिताफीने काढून घेतलं बघ.

"मग आधी सांगितलं का नाही?" तिने विचारलं.

"तुम्ही इतक्या मन लावून करत होता, मोडवेना," सुईणबाई म्हणाल्या. "आणि फरशी इतकी लख्ख आम्ही इथे कधी पाहिलीच नव्हती."

ती बादलीच्या कडेवर बसली आणि हसत सुटली. इतकी वर्षं ती भिंतीत मिसळून जात होती, तुरुंगाचा जेलर फसला, वसतिशाळेचे विश्वस्त फसले, आणि इथे दोन म्हाताऱ्या पलंगावर बसून तिची रोज शिकवणी घेत होत्या. हसता हसताच तिला जाणवलं की टोचत होतं ते कुसळ गेलंय. कुणीतरी पाहत होतं. नुसतं ओळखत नव्हतं, नीट, रोज, तिच्या हातांच्या सवयींसकट पाहत होतं. तिला एकदम मोकळं वाटलं, आणि मोकळं वाटलं म्हणून लाजही वाटली, आणि त्या सगळ्याच्या भरात तिने आजवर न मागितलेली गोष्ट मागितली. एक नाव हवंय, ती म्हणाली, छापायला. नातेवाईक चिडतील, इथून काढतील, हेही तिने सांगितलं, कारण न सांगता मागणं तिला जमलं नसतं.

मास्तरीणबाईंनी काठी पलंगावर आडवी ठेवली. "इथे आम्हाला खोलीच्या नंबरानं हाक मारतात," त्या म्हणाल्या. "माझं नाव शेवटचं कुणी घेतलं ते मला आठवत नाही. पूर्ण छापा. सगळ्यांची छापा, मी विचारून ठेवलंय. पण तुम्हीही त्या ॲप्रनमागून लिहायचं नाही. उद्या पुढच्या दारानं या, तुमच्या कपड्यात, दुपारी, दुधाच्या वेळी."

संध्याकाळी घरी आल्यावर तिने धाकटीला सगळं सांगितलं, पेपराच्या घडीसकट. धाकटी इतकी हसली की तोंडात धरलेल्या टाचण्या तिला काढून ठेवाव्या लागल्या. मग तिचं हसू थांबलं, कारण ताई हसत नव्हती. उद्या पुढच्या दारानं जाणं म्हणजे काय, हे दोघींना कळत होतं. एकदा नावानिशी, चेहऱ्यानिशी उभं राहिलं की पुन्हा कुठल्या कारखान्याच्या फाटकाशी नोकरी मागत उभं राहता येणार नाही. मग खिडकीजवळचं टेबल आणि नव्या मुली. ती म्हणाली, मला दुसरं काही येतच नाही ग, मला फक्त न दिसणं येतं. धाकटीने कपाट उघडून निळा झगा काढला, जो तिने कधीचा शिवून ठेवला होता आणि जो घालायचं निमित्त आजवर निघालं नव्हतं. उंची मापायला ती ताईच्या पायांशी बसली आणि टाचण्या टोचता टोचता, वर न पाहता तिने विचारलं, "ताई, मामाच्या लग्नात तुला विसरून आलो, तेव्हा तू रडली कशी नाहीस?"

"रडले होते की," ती म्हणाली. "कुणाच्या लक्षात आलं नाही."

धाकटीने टाचणी हातातच धरली. मग तिने ताईच्या पावलावर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. आणि मग नाक ओढून म्हणाली, सरळ उभी राहा, एका बाजूला झुकतेयस, झगा वाकडा बसेल. रात्री ताई गाढ झोपली, दुधाशिवाय.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पुढच्या दारानं गेली. अंगावर निळा झगा, बरोबर पेपरचा फोटोवाला, गळ्यात कॅमेरा आणि खिशात शेंगदाणे. पायऱ्या चढताना तिला विचित्र वाटत होतं. त्या पायऱ्या तिला फक्त ओणव्याने माहीत होत्या. व्यवस्थापक लगबगीने बाहेर आले आणि तिला पाहताच त्यांचा चेहरा उजळला. कालच तुमचा फोटो पाहिला, ते म्हणाले, केवढा मान, आणि आज साक्षात आमच्याकडे. कमरेत वाकून त्यांनी तिला आत नेलं. पुढच्या दालनात सगळ्या म्हाताऱ्या खुर्च्यांवर ओळीने बसल्या होत्या, केस विंचरून, चष्मे पुसून, टक्क जाग्या. प्रत्येकीच्या हातात दुधाचा भरलेला पेला. व्यवस्थापकांना ते जरा खटकलं असावं, कारण त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. पण पाहुणी मोठी होती. त्यांनी जमिनीकडे बोट दाखवून दिलगिरीच्या सुरात सांगितलं की आज आमची सफाईवाली आली नाही, त्यामुळे जरा कळाहीन दिसतंय, माफ करा.

"कशी आहे ती दिसायला?" तिने विचारलं.

ते खरोखर आठवू लागले. हनुवटी चोळली, छताकडे पाहिलं. अशीच, म्हणाले, म्हणजे सफाईवाल्या असतात तशी. धुलाईघराच्या दिवसांपासून कालपर्यंत कधीही हे ऐकून तिला आनंद झाला असता. आज तिला राग आला, साधा, सरळ, पोटातून वर आलेला राग, स्वतःसाठी आणि नंबरानं हाक येणाऱ्या या सगळ्यांसाठी, आणि तो तिला आवडला. "तुमच्या पायाखालचा कोपरा काल मीच पुसला," ती म्हणाली. "तुम्ही पाय वर घेतले होते."

ते खळखळून हसले. पत्रकारांची विनोदबुद्धी, वगैरे काहीतरी म्हणाले. त्यांच्याबरोबर कुणी हसलं नाही, तेव्हा ते हसू थोडं अडखळलं, पुन्हा सुरू झालं आणि मग थांबलं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच पाहिलं. तेवढ्यात सुईणबाई खुर्चीतून उठल्या, आपला पेला दोन्ही हातांत धरून डुलत डुलत त्यांच्यापुढे आल्या आणि म्हणाल्या, "साहेब, धावपळ फार होते तुमची. दूध घ्या."

व्यवस्थापकांनी पेल्याकडे पाहिलं. त्यांचा हात अर्धवट पुढे आला, बोटं पेल्याच्या काठापर्यंत गेली आणि पोळल्यासारखी मागे आली. मला दूध चालत नाही, ते पुटपुटले. घ्या की, सुईणबाई म्हणाल्या, आम्हाला रोज चालतं. ते एक पाऊल मागे सरले. तिला काहीच विचारावं लागलं नाही. तिने वही उघडली, झग्याला शोभणार नाही अशी पेन्सिल काढली आणि पहिल्या खुर्चीपाशी जाऊन म्हणाली, नाव सांगा. नाव आलं, पूर्ण, वडिलांचं आणि गावाचं धरून, आणि कापऱ्या आवाजातही चांगलं मोठ्याने. मग दुसऱ्या खुर्चीवरून आलं. तिसऱ्या खुर्चीवरच्या आजींनी तर वाट न पाहताच सुरुवात केली. फोटोवाल्याने कॅमेरा डोळ्याला लावला, तेव्हा मास्तरीणबाईंनी काठी उचलून त्याला थांबवलं आणि ओळीवरून नजर फिरवली.

"घाई करू नका," त्या म्हणाल्या. "आधी बघा, सगळ्यांचे डोळे उघडे आहेत ना. आणि या बाईंना मधे उभं करा."

ती मधे जाऊन उभी राहिली.